अम्मानला निघायच्या आधी

अगं, तुझा मेल वाचला, सिरियन निर्वासित मुलांच्या मनावरच्या ताणाच्या अभ्यासासाठी जॉर्डनला, अम्मानला जायचं पक्कं झालं हे वाचून खूप बरं वाटलं. मुलांना विचारायच्या प्रश्नांचा फॉर्मपण बघितला. चौऱ्याण्णव प्रश्न आहेत गं, आणि पहिले वीस तर बॉम्ब, मृत्यू, घर सोडणं ह्यावरच. तेरा वर्षांच्या मुलीला अनोळखी बाईने येऊन हे विचारायचं, आणि चहा पिऊन निघून जायचं, मला नाही पटत.

जायच्या आधी जॉर्डनच्या शास्त्रज्ञ राणा दजानी आणि मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन पँटर-ब्रिक यांच्या टीमने जॉर्डनमध्येच केलेला अभ्यास नीट वाच. १२ ते १८ वयाची मुलं, आठ आठवड्यांचा कार्यक्रम, त्यात खेळ, कला, हाताला कौशल्य, आणि सिरियन मुलांसोबत तिथली जॉर्डनची मुलंपण घेतलेली. हे फार शहाणपणाचं, कारण तिथले बहुतेक सिरियन कॅम्पात नाही, गावाशहरात भाड्याने राहतात, एकाच गल्लीतल्या अर्ध्याच पोरांना बोलावलं की भांडणं लागतात. त्यांनी नुसतं विचारलं नाही, डोक्याचे थोडे केस घेऊन कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो ना, म्हणून मागच्या काही महिन्यांचा ताण त्यात कळतो. कार्यक्रमानंतर ते सरासरी एक तृतीयांशाने उतरलं, पण ज्यांचं आधीच फार कमी होतं त्यांचं वर आलं, म्हणजे नुसतं "कमी झालं की चांगलं" असं नसतं, हे लक्षात ठेव. असुरक्षित वाटणं कमी झालं, पण युद्धाच्या आठवणींचा त्रास काही हलला नाही, आणि तेही त्यांनी सरळ लिहिलंय. तुझंही असं काही निघालं तर लपवू नकोस, ज्या मुलांना ह्याहून वेगळी मदत लागते ती त्यातूनच कळतात.

तूपण केस घेणार असशील तर हिजाबवाल्या मुलींसाठी बाईच हवी आणि दार बंद हवं, आणि ती नको म्हणाली तर नकोच.

भाषेचं सांगते. तिथे लोक अरबीत "नफसीती ताबाने" म्हणतात, शब्दशः माझं मन थकलंय. तुझ्या फॉर्ममधला "डिप्रेशन" त्याच्या आसपासपण जात नाही. आपल्याकडे कोणी "जीव घाबरा होतो" म्हणालं तर ते कुठल्या रकान्यात टाकशील? म्हणून आधी दोन आठवडे नुसतं ऐक, प्रश्न तिथल्याच मुलींकडून सुधारून घे.

खूप वर्षांपूर्वी मी धरणग्रस्तांच्या वस्तीत असाच फॉर्म भरून घेत होते. चौदा वर्षांचा एक पोरगा, मी सतरावा प्रश्न वाचायच्या आतच उत्तर देऊन मोकळा. आदल्या वर्षी कोणीतरी हाच फॉर्म भरून नेला होता, त्याला क्रम पाठ होता. आणि पुढे काय निघालं ते सांगायला कोणीच परत आलं नव्हतं. मीपण गेले नाही, ते अजून सलतं.

म्हणून निकाल सांगायला परत जायच्या खर्चाची ओळ बजेटमध्ये आत्ताच टाक, नंतर कोणी देत नाही. रविवारी फोन कर, ते पहिले वीस प्रश्न आपण मिळून काढून टाकू.