आजीच्या साडीला कात्री लावायच्या आधी

अगं,

जुन्या साडीतून शिवलेल्या तुझ्या जॅकेटचे फोटो बघितले. रंग मस्त जमलेत, पण एक काम कर, ते घाल आणि लोकलमध्ये कडी धरतो तसा हात वर कर. काखेत खेचलं ना? जुनं रेशीम पहिल्यांदा तिथंच टरकतं. आपण करतोय ती अंगावर घालायची कला आहे, भिंतीवर टांगायचीच असती तर तू फ्रेमच केली असतीस ना. जुन्या सदऱ्याला काखेत चौबगला असतो बघ, चौकोनी तुकडा, तसा दणकट सुती कापडाचा लाव. रंग मुद्दाम वेगळा घेतलास तर हात वर केल्यावरच दिसेल, मला तर ते फार आवडतं.

पुढची साडी हातात आली की आधी कात्री नको. दोघींनी मिळून खिडकीसमोर धरा आणि उजेड आरपार बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या रेशमात घडीच्या जागी बारीक चिरा दिसतात, तो भाग गेला समज, फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावलंस तरी त्याच्या शेजारी फाटणार, वर कापड पुठ्ठ्यासारखं होणार ते वेगळंच. उरलेल्या भागाला मागून मऊ मलमल लावून कच्चा धावदोरा घाल आणि मगच काप. चांगलं कापड किती आणि कुठं आहे ते आधी आखायचं, डिझाइन त्यावरून काढायचं. तुम्ही मुलं आधी आयपॅडवर स्केच काढता आणि मग त्यात साडी कोंबता, आणि नेमके पदरातले मोर शिवणीत जातात!

पैठणी असेल तर उलटी बाजू नक्की बघ. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, त्यामुळे वरचा रंग उडालेला असला तर खुशाल उलटी बाजू वर घे. इरकलीचं वेगळं असतं, अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर धुतल्यावर दोन्ही सारखं आटत नाही, म्हणून शिवायच्या आधीच एकदा धुऊन सावलीत वाळव. आणि अंगाचे नि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, तो सांधा कापून टाकू नकोस गं, सरळ पाठीवर मधोमध आण. लोक हमखास विचारतात हे काय म्हणून.

जरी काळी पडलीय म्हणून आई जुनी जरीवाल्याला द्यायला निघाली असेल तर थांबव तिला. काळी पडली म्हणजे बरेचदा आत चांदी असते, तो वजनावर घेतो आणि वितळवतो. काठ हाताने उसव, घासू नकोस, काळपटच छान दिसतो.

जीन्स, शर्ट वगैरे लागले तर बोहारणीशी ओळख काढ, पण घासाघीस करू नको, तिचं पोट त्यावर आहे.

तुकडे जोडायचं शिकायचं असेल तर व्हिडिओ नंतर बघ, आधी घरातली गोधडी उलटून बघ. आणि उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवतात ती बघ, कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यावर येतात, कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून तिकडच्या जंगलात गेलेल्या लोकांच्या लेकी-सुना ह्या. त्यांची पद्धत वापरलीस तर त्यांचं नाव सांगायचं, नुसतं 'ट्रायबल पॅचवर्क' लिहून विकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

किंमत लावताना कापड फुकट मिळालं म्हणून स्वस्त लावू नको. उसवायचा वेळ शिवण्याहून जास्त जातो, तो धर. आणि प्रत्येक पीसबरोबर मराठीत, साध्या भाषेत चिठ्ठी दे, कुठली साडी आणि धुवायचं कसं ते लिहून. नाहीतर गिऱ्हाईक थेट मशीनला टाकतं आणि मग रात्री अकराला फोन तुला येतो.

– मावशी