बुधवारचा गठ्ठा वाचताना

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी दुकानात येतात. (डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये मंगळवार धरला होता, २०२४ मध्ये स्वारी परत बुधवारी.) म्हणून त्याच रात्री दहा अंकांवर परीक्षणं लिहायला बसू नकोस. चारच निवड, पण दोनदा वाच. दुसऱ्यांदा नुसती चित्रं बघत.

सुपरहिरोच्या अंकात गोष्टीला जेमतेम वीस-बावीस पानं मिळतात. तेवढ्यात कथा किती सरकली, मागचे अंक न वाचता कळते का, हे आधी सांग. चार-पाच डॉलर मोजणाऱ्याला तेच हवं असतं. शेवटचं पान मात्र झाकून ठेव.

विनोदी अंक जास्त अवघड. विनोद समजावून सांगितला की मेलाच. त्यापेक्षा तो कुठे बसवलाय ते बघ: पान उलटल्यावर येतो, की समोरच्याच पानावर दिसून आधीच फुटतो? संवादाचे फुगे चुकीच्या जागी पडले तर प्रश्नाआधी उत्तर वाचलं जातं, म्हणून लेटररचं, म्हणजे फुगे आणि त्यांतली अक्षरं मांडणाऱ्याचं, नाव घेत जा. रंगकाराचंही. सगळं श्रेय लेखकाला देणारी परीक्षणं मी वर्षभर लिहिली. आता मलाच वाचवत नाहीत.

आणि साडेतीन तारे वगैरे देण्यापेक्षा पुढचा अंक तू विकत घेणार का, ते लिही.