तिच्या लोकांना ती नको होती का?

मनू,

परवा न्यूयॉर्कमधल्या पकिप्सीच्या सिमेट्रीत डॉ. आनंदीबाई जोशींचा दगड बघून परत येताना गाडीत तू विचारलंस, "आई, तिच्या लोकांना ती नको होती का? मग तिची राख इथे का पाठवली?" बाबाने काहीतरी उत्तर दिलं, तिच्या नवऱ्यानेच पाठवली वगैरे, आणि तू परत हेडफोन लावलेस. मला मात्र ते लागलं गं. तू टोमणा मारला नाहीस हे कळतं मला, पण इतकी वर्षं घरापासून लांब राहिलेल्या बाईसमोर कोणी दुसऱ्या बाईबद्दल असं विचारलं तरी लागतंच. म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमध्ये हे माझ्याकडून धड येत नाही. अडलं तर बाबा वाचून दाखवेल, कंटाळा आला तर सोडून दे, वाचलंस का म्हणून मी विचारणार नाही. (विचारेन बहुतेक.)

आधी आनंदीबाईंचं. कल्याणची मुलगी, माहेरचं नाव यमुना, नवव्या वर्षी लग्न, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर, पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, तिथून डॉक्टर व्हायचं डोक्यात आलं. इकडे न्यू जर्सीत रोझेलला, म्हणजे आपल्या घरापासून किती जवळ बघ, कार्पेंटर नावाच्या बाई डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी तिच्याबद्दल वाचलं आणि सरळ पत्रच लिहिलं. त्यातून ती 1883 मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने इकडे आली, कार्पेंटरबाईंना मावशी मानायला लागली, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाली. त्या थंडीत साडी नेसून, आणि आपलंच जेवण जेवायचं म्हणून स्वतः रांधून. कोल्हापूर संस्थानाने तिथल्या हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डसाठी नेमणूक दिली होती, तिथे रुजू व्हायची वेळच आली नाही. इथेच आजारी पडली होती, टीबी, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती.

आता तुझा प्रश्न. ती निघाली तेव्हा लोकांनी खूप बोलून घेतलं हे खरंय. समुद्र ओलांडला की जात गेली असं मानणारी माणसं होती ती. तेव्हा नवरा-बायको बंगालमध्ये होते, तिथे श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून तिला सांगावं लागलं की मी का जातेय, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. अठराही पूर्ण नव्हती गं. आणि ती वारल्यावर मात्र पुणं हळहळलं, केसरीनेही तिच्या चिकाटीचं तोंडभरून कौतुक केलं. नको होती असं नाही म्हणता येणार. पण जिवंतपणी पाठीशी किती उभे होते हे तू विचारलंस तर माझ्याकडेही उत्तर नाही.

राखेचं सांगू का, आपल्याकडे राख कोणी ठेवतच नाही. अस्थी नदीत सोडायच्या, मागे फिरायचं, झालं. वाईला आमच्या घरातली सगळी माणसं कृष्णेत गेली, एकाचंही नाव कुठल्या दगडावर नाही. त्यामुळे परवा तू त्या दगडाला हात लावून नाव वाचत होतीस तेव्हा मला विचित्र वाटत होतं, बरंही आणि कसंसंही. आमच्याकडे गेलेल्या माणसाला भेटायला जायची अशी जागा नसायची, दिवस असायचा.

आमच्या घरी तो दिवस म्हणजे अविधवा नवमी. पितृपक्षातली. नवरा जिवंत असताना जी बाई गेली तिच्यासाठी त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलवतात. आमच्याकडे ती असायची काकांच्या पहिल्या बायकोसाठी. ती बाळंतपणात गेली, मी जन्मायच्या कितीतरी आधी. तुला माहितीये ती वाईची काकू, जी तुला दर वेळी "वाळली गं पोर" म्हणते, ती दुसरी. आणि हे सगळं तीच करायची. देवघरात पहिलीचा चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा, तो आदल्या दिवशी काकू रांगोळीने घासून लख्ख करायची. सकाळी उठून उडदाची डाळ वाटायची, वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी. आम्ही पोरं वड्यांच्या वासाने कासावीस, आणि पान वाढून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. समोरच्या वहिनी सवाष्ण म्हणून यायच्या, त्यांना हळदकुंकू, गजरा, खण-नारळाने ओटी. आणि काकू त्यांच्या पानात न विचारता एक जास्तीचा वडा वाढायची. त्या नको नको म्हणायच्या तरी. मी एकदा विचारलं का गं, तर म्हणाली, "त्यांना आवडायचे ना."

त्यांना म्हणजे पहिलीला. काकूने तिला कधी पाहिलंही नव्हतं, वडे आवडायचे हे तिला सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून कळलेलं. आणि नुसत्या ऐकीव माहितीवर ती वर्षानुवर्षं एक वडा जास्त करत होती.

हे आठवलं की मला वाटतं आपलं बरं होतं. दगड एकदा बसवला की झालं, त्याला दरवर्षी जेवायला घालावं लागत नाही. आमच्याकडे कोणालातरी उठून डाळ वाटावी लागायची.

पण मग दुसरं पण आठवतं, ते सांगितलं नाही तर खोटं होईल. त्याच दिवशी माझी आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, पुढे यायची नाही. ती विधवा होती, तिने ओटी भरायची नाही, कुंकू लावायचं नाही. जी सून तिने हाताने न्हाऊमाखू घातली, तिच्या दिवशी तीच बाजूला. आणि बायका बोलायच्या, "अहेव गेली, सोनं झालं तिचं." अहेव म्हणजे नवरा जिवंत असताना. हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरून नेली होती म्हणे, नवरीसारखी. मी लहान होते, मला खरंच वाटायचं की तिला काहीतरी बक्षीस मिळालंय. विशीतली पोर बाळंतपणात मेली आणि लोक सोनं झालं म्हणतात, हे विचित्र आहे हे मला तुझ्याएवढी असतानासुद्धा कळलं नव्हतं.

आनंदीबाईही अहेवच गेल्या. आणि नवरा कसा? त्याने शिकवलं, त्याच्याशिवाय ती इथवर आलीच नसती हे खरं. पण दहाव्या वर्षी लाकडाने मारलं, खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकली हे तिनेच फिलाडेल्फियाहून त्याला पत्रात लिहिलंय. मग कसलं सोनं गं? त्यानेच तिची राख मात्र तिच्या मावशीकडे पाठवली. का, त्याचं तोच जाणे. मला आपलं वाटतं की रडायला हक्काचं माणूस इकडे पण आहे हे त्याला कळलं असावं. म्हणजे नकोशी म्हणून नाही पाठवली, दोन घरची होती म्हणून. हे मी माझ्या सोयीचं बोलतेय असं तुला वाटेल. असेलही.

आणि तो दगडही काही धुतल्या तांदळासारखा नाही हं. शिकायला भारत सोडणारी पहिली ब्राह्मण बाई, असं कोरलंय त्यावर. नावही सासरचंच. बाबा म्हणाला त्या काळी तसंच असायचं, मी म्हटलं हो, पण आपण उगाच त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायला नको.

काका गेले त्या वर्षी गुरुजी म्हणाले आता नवमी बंद, नवरा गेला की ती करत नाहीत. म्हणजे तिचा दिवससुद्धा नवऱ्याच्या आयुष्याएवढाच. काकू काही बोलली नाही. टाक ठेवून दिला. पण त्या दिवशी वडे केले, श्राद्ध नाही, कोणाला बोलावणं नाही, नुसते आम्हाला खायला.

मी इथे नवमी करत नाही, तू कर असंही म्हणणार नाही, उद्या तू केलीस तर मलाच आश्चर्य वाटेल. फक्त एक कर. पहिलीचं नाव मला माहीत नाही. घरात कधी कोणी घेतलंच नाही, सगळे पहिली म्हणायचे आणि मीही विचारलं नाही. रविवारी काकूशी व्हिडिओ कॉल आहे तेव्हा तू विचार, माहेरचंही विचार. तुला सांगेल ती, मला विषय बदलून टाकेल. तुझं मराठी ऐकून हसेल, तेवढं चालवून घे.

आई

ता.क. शनिवारी वडे करतेय, पितृपक्षाचा काही संबंध नाही, डाळ भिजवायची आठवण मात्र शुक्रवारी रात्री कर मला.