पोर्ट्समथला स्वस्त मूरिंग हवंय? आधी मुलीची शाळा बघा

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट भाड्याने देऊन पुढच्या वर्षी इंग्लंडात पोर्ट्समथला निघताय, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी सोबत आहे, मुंबईत शिडाच्या नावेचा कोर्स झालाय, तिकडे 26 फुटी जुनी यॉट घ्यायचीय, तर ती बांधून ठेवायला परवडणारी जागा, म्हणजे मूरिंग, कुठे मिळेल. दोन दिवस उत्तर टाळलं. मुलीचं वय लिहिलं नसतंत तर लिहिलंही नसतं.

व्हिसा, बँक, डॉक्टरची नोंदणी सरकारी साइटवर आहे, ते वाचा. मी चिखलाचं सांगतो.

2014 मध्ये गंगापूर रोडवरून इथे आलो तेव्हा पाण्याचा अनुभव म्हणजे गंगापूर धरण. तिथलं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. इथे दिवसातून दोनदा. पोर्ट्समथला उधाणाची भरती 4.7 मीटर, ओहोटी 0.8, म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त पाणी सहा तासांत गायब. मूरिंगचे सगळे भाव या एका गोष्टीवर ठरतात.

मरीनात तरंगत्या धक्क्यावरून चालत जायचं आणि नावेत पाय ठेवायचा. पाणी, वीज, गरम अंघोळ. पैसे नावेच्या लांबीच्या दर मीटरमागे, आणि मोजताना पुढे आलेला नांगर आणि मागची डिंगी, म्हणजे छोटी होडी, टांगायची चौकटही धरतात. मला वर्षाचे पाच हजार पौंडांच्या वर सांगितले. नाव घेतली होती साडेतीन हजारांना. दुसरा प्रकार खोल पाण्यातल्या बोयाचा: तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगणारा बोया, आणि वारा-प्रवाहाबरोबर नाव त्याभोवती फिरते. स्वस्त, पण डिंगी वल्हवत जावं लागतं. तिसरा सगळ्यांत स्वस्त, ओहोटीला चिखलात बसणारी जागा. मला फेअरहॅम खाडीच्या वरच्या टोकाला मिळाली, वर्षाला 340 पौंड. त्या रात्री मी बायकोला पेढे आणायला सांगितलं. कुठून आणणार होती कोण जाणे.

या जागेसाठी नाव बिल्ज कीलची हवी, म्हणजे तळाला दोन पात्यांचे पाय असलेली. ती चिखलात सरळ उभी राहते. एका खोल कीलची आडवी पडते. हे मला घेण्याआधी कळलं, एवढं नशीब.

नंतर कळलं ते असं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात सहा तास. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पोर्ट्समथला भरती भर दुपारी येते. त्या शनिवारी मजा. पुढच्या शनिवारी दुपारी ओहोटी, आणि भरती पहाटे नि संध्याकाळी. शिवाय ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, उधाणापेक्षा जवळजवळ मीटरभर कमी. माझी जागा इतकी वर की त्या दिवशी नाव तरंगायचीच नाही. आई दरवर्षी कालनिर्णय पाठवते. त्यात शनिवारच्या चौकटीत अष्टमी-नवमी दिसली की तो शनिवार गेला. सुट्टीचे निम्मे दिवस असे गेले, उरलेल्यांतले वारा-पावसाने खाल्ले. पहिल्या वर्षी मी अकरा वेळा बाहेर पडलो. 340 ला अकराने भागून बघू नका, त्यात क्रेन आणि विमा नाही.

विम्याचं तर विचारू नका. मूरिंगवाले म्हणाले आधी विम्याचा कागद आणा, मग करार. विमावाले म्हणाले आधी मूरिंगचा पत्ता द्या, मग विमा. नाव जुनी म्हणून पाण्याबाहेर काढून सर्व्हे मागितला, आणि पाण्याबाहेर काढून ठेवणारं यार्ड म्हणालं विमा दाखवा. सातपूरच्या एमआयडीसीत बारा वर्षं एक्साइजचे कागद केलेला माणूस मी, तरी डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एका बाईंनी फोनवर "तात्पुरतं" असा शब्द काढला आणि गाडी पुढे सरकली.

साखळी कोण तपासतं, ते लेखी विचारा. वर्षातून एकदा ती वर काढून शॅकल, म्हणजे साखळी जोडणारी कडी, बघायलाच हवेत. नावेच्या नाकावर दोर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा घाला.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. सवय होते. पुढे.

घर. इथेच मी चुकलो. डिंगी ढकलत धक्क्यावर नेता यावी म्हणून आम्ही खाडीलगतचं घर भाड्याने घेतलं. शाळा रस्त्यापलीकडे दिसत होती, तेव्हा प्रवेश मिळणारच असं धरलं. आमच्या मुलीच्या वर्गात एकही जागा नव्हती. दिलेली शाळा 2.8 मैलांवर. आठ वर्षांपुढच्या मुलांना तीन मैलांच्या वर असेल तर मोफत वाहन, म्हणजे आम्ही थोडक्यात बाहेर. दोन बस. अपील केलं. समितीतल्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, घर घेण्याआधी शाळेत जागा आहे का ते विचारलं होतंत का? मी नोकरीचं काहीतरी सांगितलं. बायको माझ्याकडे बघत होती. नावेचं नाव मी काढलं नाही. अपील फेटाळलं गेलं, आणि मुलगी दोन वर्षं दोन बस बदलत राहिली. आता ती दुसऱ्या शहरात शिकते. नावेवर एकूण चार वेळा आली असेल.

मी मात्र जायचो. 2019 च्या ऑगस्टात एका सकाळी नावेतच झोपलेलो, ओहोटी होती, चारी बाजूंना चिखल. आईचा फोन आला, अरे, गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला, एवढा पूर आहे. इकडे माझ्याखाली पाणीच नव्हतं. मग लक्षात आलं की त्या महिन्यात तिच्याशी झालेला प्रत्येक फोन मी नावेतूनच केला होता. घरून नाही. बंदर बघायला म्हणून मी जातच नव्हतो बहुतेक.

तर क्रम असा: शाळेकडून जागेचं लेखी उत्तर, मग घर, मग मूरिंग. पहिला हंगाम दुसऱ्याच्या नावेवर जा, शिडाच्या नावांच्या क्लबांच्या शर्यतींना हाताखाली माणसं हवीच असतात. नंतर घेतलीत तर मधल्या प्रवाहातला बोया बघा, पैसे थोडे जास्त पण अष्टमीलाही तरंगाल. आणि क्लबच्या मूरिंगच्या प्रतीक्षायादीत आपलं नाव घालायला स्वतःची यॉट असावी लागत नाही, तेवढं आजच करा. माझी जागा मार्चमध्ये सुटतेय. ती मला कुणाला देता येत नाही, यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. साखळी गेल्या वसंतातच नवी घातलीय.