वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक फर्मसाठी डेव्हलपर निवडताना

प्रश्न : उद्यमबागेतल्या आम्ही काही कारखानदारांनी मिळून स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणारी फर्म काढली आहे. सगळा हिशेब सध्या एक्सेलमध्ये चालतो. आता दोन डेव्हलपर हवेत. इथलेच फ्रेशर घ्यावेत, की बाहेरून अनुभवी माणूस आणावा?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : दोन फ्रेशर एकदम घेऊ नका. त्यांच्या कोडमधली चूक दाखवणारं तुमच्याकडे कुणी नाही. आधी पाच-सात वर्षं मुरलेला एकच माणूस घ्या. गोगटे किंवा केएलईच्या कॉलेजातला फ्रेशर नंतर त्याच्या हाताखाली. पुण्या-बेंगळूरला नोकरी करणारी निपाणी-खानापूरकडची मुलं घरी परतायचा विचार करत असतात, तिथे चौकशी करा. मात्र ‘गावात राहणार, मग पगार निम्मा’ हा हिशेब मनातून काढा. नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचा असतो आणि त्या काळात काउंटर ऑफर (जुन्या कंपनीकडून थांबण्यासाठी जास्त पगाराचा प्रस्ताव) येतेच, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लगेच नकार कळवू नका.

मुलाखतीत ‘अ‍ॅप करता येतं का’ हे विचारून हाती काही लागत नाही. तुमचं काम आकडे अचूक ठेवण्याचं आहे. तोंडी हिशेब घाला : कंपनीचे १० लाख शेअर, गुंतवणुकीआधीचं मूल्यांकन ८ कोटी, आपण घालणार २ कोटी; आपला हिस्सा किती? २५ टक्के म्हणणारा २ ला ८ नं भागतोय; भागायचं आपले २ धरून १० नं. उत्तर २० टक्के : शेअरचा भाव ८० रुपये, नवे शेअर अडीच लाख, एकूण साडेबारा लाख.

मग तीन-चार तासांची चाचणी द्या, आणि तिचे पैसेही द्या. २०० ओळींची बनावट फाइल करा (खऱ्या गुंतवणूकदारांची माहिती बाहेर जाऊ देऊ नका). तीत एकच कंपनी तीन नावांनी, काही रकमा लाखांत तर काही रुपयांत, आणि ०३/०४ अशा तारखा, तीन एप्रिल की चार मार्च हे कळू नये अशा. गुपचूप अंदाज बांधून फाइल ‘साफ’ करणारा नको. शंका लिहून विचारणारा घ्या. कंपनी ओळखायला कोणता क्रमांक वापरला, हेही बघा. सीआयएन, म्हणजे कंपनीला नोंदणीवेळी मिळणारा २१ अक्षरांचा क्रमांक, सोयीचा वाटतो, पण नोंदणी न झालेल्या स्टार्टअपला तो नसतो, आणि नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं किंवा कंपनी प्रायव्हेटची पब्लिक झाली की तो बदलतो. जाणता माणूस फर्मचा स्वतःचा क्रमांक ठेवतो आणि सीआयएन शेजारच्या रकान्यात टाकतो.

कंत्राटी माणूस घेणार असाल तर एक खबरदारी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. कंत्राटदाराचा तसा आपोआप होत नाही. हक्काचं हस्तांतर लेखी घ्या आणि मुदत स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ती ५ वर्षांचीच धरतात.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. अशाच एका फर्ममध्ये मुलाखत आहे. कोडिंगची कोडी सोडवण्याचा सराव पुरेल का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नाही. एसक्यूएलमधले (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, पक्के करा, ताळेबंद वाचायला शिका. परताव्याचा दर काढणारं एक्सेलचं आयआरआर हे सूत्र हप्ते समान अंतरानं आले असं धरतं. गुंतवणुकीत पैसे कधीही जातात-येतात, म्हणून तारखा घेणारं एक्सआयआरआर लागतं. हा फरक उदाहरणासह सांगता आला पाहिजे. आणि तुमचा कोड तिथे कोण तपासणार, हे तुम्हीच त्यांना विचारा. ‘कुणी नाही’ असं उत्तर आलं, तर पहिल्या नोकरीसाठी दुसरी जागा बघा.