बक्षीस काढून बघ

चि. गल्लीतल्या लेकास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘विचर ३’ या गेमची मेन स्टोरी संपली, हरवलेल्या सिरीचं काय व्हायचं ते झालं, आता मॅपवर उरलेली कामं करण्यात काही अर्थ आहे का काका? मी ‘आहे की’ म्हणालो. तू ‘पण का?’ म्हणालास. तेवढ्यात दुकानात प्रिंटर घेऊन गिऱ्हाईक आलं आणि उत्तर राहिलं. म्हणून हे पत्र. खेळानं मन रमतं, ताण जातो वगैरे मी लिहिणार नाही. तेवढं तुझं तुला कळतं.

तुझी अडचण मला नीट समजली आहे. पैसे आता नकोत, त्याहून भारी तलवार कुठं मिळणार नाही, लेव्हल पस्तिशीच्या पुढं. जर्नल उघडलं की अर्धी कामं राखाडी दिसतात, म्हणजे तुझ्यापेक्षा सहा किंवा जास्त लेव्हल खालची. त्यांचे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, नावापुरते. गेमच तुला सांगतोय, बाबा, यात तुला मिळण्यासारखं काही राहिलेलं नाही. आणि नेमका तिथं येऊन तू लॅपटॉप मिटलास! मला राग आला तो याचा. अरे, इतके दिवस तू प्रत्येक काम लेव्हलसाठी केलंस. आता पहिल्यांदाच तुला कशाची गरज नाही, तर कोणतं काम खरंच करण्याजोगं होतं हे आता तरी कळेल.

माझं म्हणणं एकच आहे. बक्षीस काढून टाक, मग काय उरतं ते बघ.

व्हाइट ऑर्चर्ड या गेममधल्या पहिल्या गावापासून सुरू कर. तिथं एका म्हातारीचा तवा अडकलाय. उसना नेलेला तवा एका बंद खोपटात आहे आणि दार उघडत नाही, एवढीच तक्रार. दार तोडलं की आत मेलेला माणूस, जळालेले कागद, आणि तवा मात्र घासूनपुसून लख्ख. हातात काय पडतं? जवळजवळ काही नाही. पण तवा इतका स्वच्छ का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मेन स्टोरीतल्या मोठमोठ्या लढाया मी विसरलोय, तवा विसरलेलो नाही.

तिथंच जवळ ओसाड वस्तीतली विहीर आहे. एका बापाची लेक आजारी, तिला चांगलं पाणी हवं, आणि विहिरीपाशी भर दुपारी एक बाई दिसते म्हणून कोणी फिरकत नाही. दुपारी बाराच्या ठोक्याला विहिरीकडं जाऊ नको, साती आसरा असतात, हे तुझ्या आज्जीनं तुलाही सांगितलंच असेल. म्हणून तिथं मला कुणी काही समजावून द्यावं लागलं नाही. जळक्या घरात रोजनिशी सापडते, विहिरीत हाडं, एक हात तोडलेला, आणि पाण्याखाली त्या हातातलं कडं. हाडं आणि कडं एकत्र जाळलं की ती येते, मग लढाई. लेव्हलच्या घाईत असतास तर तू ती रोजनिशी वाचलीच नसतीस, मला खात्री आहे. एंटर, एंटर, एंटर, मारलं, पुढं चला! ती कोण होती, तिला विहिरीत कुणी टांगलं, विचारलं असतंस का? आता विचार. आता घाई कसली आहे तुला?

तुझे मित्र म्हणतात साइड क्वेस्ट, म्हणजे ही बाजूची कामं, नुसता भरणा. त्यांना एवढं सांग. मेन स्टोरी आहे सिरीला शोधण्याची. पण त्या जगातलं युद्ध कोण जिंकतं, उत्तरेत राज्य कुणाचं, हे कुठं ठरतं? ‘रीझन ऑफ स्टेट’ या कामात, राजा राडोविडला मारण्याच्या कटात. आणि ही क्वेस्ट गेममध्ये दुय्यम कामांच्या यादीत आहे. मेन स्टोरीत आइल ऑफ मिस्ट्स या बेटाला निघण्याआधी ती पुरी केली नाही तर कायमची हातची जाते. गेम तसं बजावतोही. तू तो इशारा वाचलास का? तुझ्या जर्नलमध्ये ती फेल दिसत असेल, तर राडोविड जिंकला तो तुझ्या घाईमुळं. मुख्य कशाला म्हणायचं नि बाजूचं कशाला, हे दुसऱ्यानं लिहून दिलेल्या यादीवरून ठरवू नये लेका.

आता उलट बाजू. सगळंच कर असं मी म्हटलेलं नाही. मॅपवर स्केलिगे बेटांच्या समुद्रात प्रश्नचिन्हांचा सडा पडलाय. होडी न्यायची, बुडी मारायची, पिंप फोडायचं, माल घ्यायचा. यातून बक्षीस काढून टाक. काय उरलं? ओले कपडे. सोड ते. २०११ च्या ‘स्कायरिम’ गेममध्ये तर काही कामं यंत्रच पाडतं, ह्या गुहेत जा, त्याला मार, परत ये, पुन्हा तेच, अंत नाही. त्या कामांमागं कुणी लिहिणारा बसलेला नाही. आणि २०१७ च्या ‘झेल्डा’त ९०० कोरोक बिया गोळा केल्या की शेवटी काय देतात ठाऊक आहे? सोनेरी शेणाचा पो. करणाऱ्यांनीच यादी संपवणाऱ्याची चेष्टा केली आहे. शंभर टक्के पुरे झाल्याचा फोटो टाकणाऱ्या तुझ्या त्या मित्राला हे कळव.

काका, गेमचं बोला, आयुष्य मध्ये आणू नका, असं तू म्हणशील. गेमचंच बोलतोय. पण तू विषय काढलास म्हणून सांगतो.

आपल्या भागात एकाच शेताचे कागद तीन रूपांत असतात. पणज्याचं खरेदीखत मोडीत, आज्ज्याची वाटणी बाळबोध मराठीत, आणि आजचा उतारा कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, शेत जागचं हललं नाही. त्यामुळं येळ्ळूरचा, धामण्याचा माणूस स्वतःच्याच जमिनीचे कागद घेऊन वाचणारा शोधत हिंडतो. मी मोडी शिकलो ती हौसेनं आणि कन्नड शिकलो ती गरजेनं. तेव्हापासून दुकानात संगणक कमी आणि कागद जास्त येतात. मोडीत आधी पूर्ण रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबत जातात, लेखणी शक्यतो उचलत नाहीत. कागद घडीवर फाटलेला असतो आणि चतुःसीमेतलं नेमकं एक नाव त्या घडीत गेलेलं असतं. मग भिंग, खिडकीचा उजेड, आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत.

एकदा असंच पूर्वेच्या बांधाचं नाव लावायला संध्याकाळ गेली. त्या कागदाचा त्या माणसाला कोर्टात काडीचा उपयोग झाला नाही. पण ज्याच्याशी तीन पिढ्या बांधावरून बोलणं बंद होतं, तो त्याच्या आज्जीचा सख्खा भाऊ निघाला. दिवाळीनंतर पोतंभर रताळी आणून टाकली त्यानं. रताळ्यांसाठी केलं असं कोण म्हणेल?

माझ्याबरोबर डिप्लोमा केलेले पुण्याला गेले, बेंगळुरूला गेले. गणपतीला येतात तेव्हा दुकानात डोकावून म्हणतात, “अजून हेच चाललंय?” होय, हेच चाललंय. मोठी कंत्राटं मिळाली नाहीत याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. टिळकवाडीत फ्लॅट झाला असता. तुझी काकी महिन्यातून एकदा तरी ऐकवते. पण बक्षीस काढून टाकल्यावर त्यांच्या कामात काय उरतं, हे त्यांनी मला एकदा बसून सांगावं, मी ऐकायला तयार आहे. अजून कुणी बसलेला नाही. चहा घेतात आणि कुंदा न्यायला बाजारात पळतात.

असो. मी माझी बाजू मांडायला पत्र लिहिलेलं नाही.

तुझं जॉइनिंग लेटर येईपर्यंत वेळ आहे, हे मला ठाऊक आहे. तू मोबाईल तपासत बसतोस हेही तुझ्या आईनं सांगितलंय. तपासल्यानं लेटर लवकर येत नाही. नवा गेम इतक्यात उतरवू नकोस, तुझ्याकडं अर्धवट सोडलेल्यांची रांग आहे. न्यू गेम प्लस, म्हणजे तोच गेम कमावलेल्या लेव्हलसकट पुन्हा पहिल्यापासून, तोही नको, ती आकड्यांची भूक परत लावते. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ ही ‘विचर ३’ची जोडकथानकं खुशाल कर, पण आधी नाही. ‘ब्लड अँड वाइन’ मे २०१६ पासून तिथंच आहे, पळून जात नाही. आधी विहीर, मग तवा. मग, ते काम अजून हातचं गेलं नसेल तर, व्हेलेन भागात फाइक बेटावरच्या मनोऱ्यात जा. तिथलं भूत जे सांगेल त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस, याहून जास्त सांगत नाही. नोटीस बोर्डावरचा प्रत्येक कागद पूर्ण वाच. ज्यात माणसाची अडचण लिहिली आहे ते काम घे, ज्यात नुसता आकडा आहे ते सोड. आणि एका दिवशी एकच. दोन केलीस की तू परत यादी संपवायला लागशील, तुझी खोड मला माहीत आहे.

तू ग्वेंटच्या, म्हणजे गेममधल्या त्या पत्त्यांच्या डावाच्या, पत्त्यांचंही विचारलं होतंस. सगळे पत्ते जमवणं ही यादीच झाली ना, मग काका तुम्ही का जमवता? ग्वेंटला हा नियम लागू नाही. का नाही ते विचारू नकोस. माझे सगळे जमलेत.

लॅपटॉप फार तापतो म्हणाला होतास. शनिवारी अकराच्या आत आण, फॅन साफ करून देतो. चार्जर विसरू नकोस.

तुझा,
शहापूरचा काका