सेंट पॉलच्या सांडपाणी प्रकल्पात गाळ जाळण्याच्या तीन भट्ट्या असताना चौथी कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल येथील मेट्रो सांडपाणी प्रकल्पात गाळ जाळण्याच्या तीन भट्ट्या वीसच वर्षांपूर्वी बसवलेल्या आहेत, तर त्या दुरुस्त करण्याऐवजी चौथी उभारण्याचा घाट कशासाठी. मी गाळातील पाणी काढणाऱ्या यंत्रणांवर काही वर्षे काम केले आहे आणि त्या नजरेने पाहता चौथी भट्टी ही त्या तिघींच्या दुरुस्तीचीच पूर्वतयारी आहे.

मिसिसिपीकाठचा हा प्रकल्प १९३८ पासून चालू आहे आणि अशा प्रकल्पाला सुट्टी नसते. शुद्ध केलेले पाणी नदीत सोडता येते, पण त्यातून वेगळा काढलेला गाळ रोजच्या रोज मार्गी लावावा लागतो. टाक्यांत तो काही दिवस थोपवता येतो, पुढे सडू लागतो, वास सुटतो आणि अखेर शुद्ध झालेल्या पाण्यालाच बिघडवू लागतो. आता भट्टीच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर, तळाच्या वाळूच्या थराखालील हवेच्या तोट्या आणि राखेच्या घर्षणाने झिजलेल्या उष्णता-विनिमयाच्या नळ्या बदलायच्या, तर ती भट्टी कित्येक महिने थंड ठेवावी लागते. त्याच काळात उरलेल्या दोनपैकी एक बिघडली, तर सगळा भार एकटीवर येतो. म्हणून आधी जोडीला एक भट्टी उभी करायची आणि मग एकेक जुनी दुरुस्तीस घ्यायची, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

या तीन भट्ट्यांच्या आधी तेथे सहा बहुमजली भट्ट्या होत्या. त्या प्रकारात गाळ वरच्या मजल्यावर पडतो आणि मधल्या फिरत्या खांबाला जोडलेले दाते त्याला ओढत एकेक मजला खाली उतरवतात. अडचण अशी की धूर उलट दिशेने, म्हणजे वर, जातो आणि तेथे त्याची गाठ ओल्या, थंड गाळाशी पडते. त्यामुळे अर्धवट जळालेली वायुरूप द्रव्ये आणि दुर्गंधी चिमणीकडे निघते आणि ती जाळायला वेगळे इंधन खर्चावे लागते. आताच्या तीन भट्ट्या फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे खदखदत्या वाळूच्या, प्रकारातील आहेत. अशा भट्टीत तापलेली वाळू खालून येणाऱ्या हवेने उकळत्या पाण्यासारखी खदखदत असते, गाळ तिच्यात पडताच सुकतो व जळतो, आणि भट्टीत हलणारा यांत्रिक भाग एकही नसतो. वाळू उष्णता धरून ठेवत असल्याने थोडा काळ बंद ठेवलेली भट्टी फारसे इंधन न घालता पुन्हा पेटते. २००४-०५ च्या सुमारास सहांच्या जागी तीनच भट्ट्या पुरल्या त्या यामुळेच, शिवाय धुरातील उष्णतेवर वाफ करून वीजही मिळू लागली.

दुरुस्तीच्या खर्चामागे एक कायदेशीर मेखही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये गाळभट्ट्यांसाठी धुरातील पारा, डायऑक्सिन ही विषारी संयुगे वगैरेंच्या नव्या मर्यादा घातल्या आणि त्यांत नव्या भट्ट्यांसाठीचे निकष जुन्यांपेक्षा कडक ठेवले. जुन्या भट्टीवर केलेल्या बदलांचा एकूण खर्च तिच्या मूळ किमतीच्या, महागाई धरून, निम्म्याहून जास्त झाला, तर तिलाही नव्या भट्टीचे निकष लागू होऊ शकतात. त्यामुळे जुनी भट्टी किती दुरुस्त करायची, हा प्रश्न अभियंत्याइतकाच वकिलाचाही ठरतो.

आपण ओघात विचारले आहे की, एवढा गाळ आहे तर बायोगॅस का करू नये. करता येतो, पण बायोगॅससाठी गाळातील जळण्याजोगा भाग आधीच खर्ची पडतो आणि उरलेल्या गाळाची उष्णता कमी होते. कच्च्या गाळाच्या केकमध्ये, म्हणजे पाणी काढून घट्ट केलेल्या गाळात, घन भाग साधारण २८ ते ३० टक्के असला की तो स्वतःच्या बळावर जळतो. बायोगॅस काढलेल्या गाळातले पाणी त्याहून जास्त काढावे लागते, नाहीतर भट्टीला बाहेरचे इंधन पुरवत बसावे लागते. व्हिएन्नाने २०२० पर्यंत सहा मोठे डायजेस्टर, म्हणजे गाळ कुजवून बायोगॅस करणाऱ्या बंद टाक्या, उभारून बायोगॅस सुरू केला, तरी त्यानंतरचा गाळ तेथे आजही जाळलाच जातो.